काहीच न होणारी बरणी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन काचेच्या बरण्या होत्या आणि त्यांना हात लावायची मला बंदी होती. माझ्याच स्वयंपाकघरात! लेक विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दुसऱ्या ग्रहांवर कुणी राहतं का ते शोधायचंय. कुणी म्हणजे मोठ्या डोळ्यांचे पाहुणे नव्हेत. मातीला चिकटून बसलेला, डोळ्यांना न दिसणारा एखादा जीव सापडला तरी बाई खूष. घरातल्या जिवांकडे तिने कधी इतकं निरखून पाहिलं असतं, तर मीही खूष झाले असते.

मंगळावर असते तशी माती तिने घरीच तयार केली होती. विटेचा चुरा, राख, कसलेसे क्षार. पहिल्या दोन बरण्यांत तिने उघड्या दगडावरही तग धरणारा एक काळपट, चिवट जीव सोडला होता. तिसरीतली माती मात्र ओव्हनमध्ये भाजभाजून पार मारून टाकलेली. पाणी तिघींना सारखंच, उकळून गार केलेलं, थेंब मोजून.

"तिसरीत काय होणार?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग ठेवलीस कशाला?"

"काहीच होत नाही हे बघायला. तिसरीत काही उगवलं तर पहिल्या दोघींवर कोण विश्वास ठेवणार, आई?"

मी कपाळाला हात लावला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना "आता दिसतंय का?" असं विचारत असते. काहीच दिसत नाही म्हणून हरखलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

पण त्या बरण्यांवर तिचं बरंच काही अवलंबून होतं. शुक्रवारी तिच्या कॉलेजात एका संशोधन केंद्रातल्या मॅडम येणार होत्या. सगळ्यांचे प्रयोग बघून त्या एकाच विद्यार्थ्याला सुट्टीभर आपल्या प्रयोगशाळेत नेणार होत्या. त्या जागेसाठी लेकीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि बुधवारी संध्याकाळी ती किंचाळली. मी धावत गेले, वाटलं हात भाजला. तिसरी बरणी हिरवी झाली होती! कडेकडेने, पुसट, पण हिरवी.

"हे माझं नाही! माझं काळं आहे!" तिचा आवाज चिरकत होता. "आई, एवढं भाजूनही काहीतरी जगलंय. असा जीव मंगळावरही जगेल!" मग स्वतःच स्वतःला दटावलं, "थांब, थांब. आधी घरातलं काही आत गेलंय का ते बघायचं." पण पाय जमिनीवर ठरत नव्हते.

जेवताना तिचं एकटीचंच बोलणं चाललं होतं. नवरा मान खाली घालून भाताशी चाळा करत बसला होता. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. शेजाऱ्यांची घड्याळं, माझी छत्री, कुणी सांगो न सांगो. त्याचा चेहरा बघितला आणि मला शंका आली. भांडी ठेवायच्या निमित्ताने मी त्याला ओट्यापाशी ओढलं.

"काय केलंस?"

"थोडं पाणी घातलं. दोघी चालू होत्या, तिसरी बंद पडली होती. वाटलं, पोरगी नापास होईल."

"जा, सांग तिला."

"तिचा चेहरा बघितलास का? मी कसा सांगू?"

"तू नाही सांगितलंस, तर हेच ती शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगेल."

तो गेला आणि सांगून आला. लेकीचे डोळे भरले, ती खोलीत गेली, दार लावून घेतलं. नवरा दाराबाहेर उभा. इतका केविलवाणा मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, दोन्ही एकदमच.

थोड्या वेळाने दार उघडलं. लेकीचं नाक लाल होतं, पण डोळे लुकलुकत होते.

"बाबा, पाणी कुठलं?"

"माशांच्या टाकीतलं. झाडांना चांगलं असतं ना ते."

"आणि बाकीच्या दोघींना?"

"त्यांना कशाला? त्या चालू होत्या की!"

ती हसायलाच लागली. मग बापलेकीने टाकीच्या काचेवरचं हिरवं खरवडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हिरवे नमुने शेजारी शेजारी ठेवले. अगदी एकच कुळ.

शुक्रवारी नवऱ्याने रजा टाकली आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर चकरा मारत राहिला. लेकीने मॅडमना सगळं सांगितलं: बरणी, टाकी, आणि बाबासुद्धा. मॅडम इतक्या हसल्या म्हणे की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "दूर कुठे जीव सापडला असं वाटलं, की पहिला संशय आपल्याच घरावर घ्यायचा. हे मुलांच्या गळी उतरवताना माझी दमछाक होते. तू ये."

लेक सुट्टीभरासाठी मॅडमच्या प्रयोगशाळेत गेली. जाताना नवी माती भाजून तिसरी बरणी पुन्हा भरली आणि खिडकीत ठेवली. राखणीला कोण? बाबा. त्याने बरणीला काहीही करायचं नाही, एवढंच काम.

आता तो खिडकीजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जातो. संध्याकाळी फोन येतो.

"बाबा, तिसरीत काय?"

"काहीच नाही!" छाती फुगवून.

"वा, बाबा! आणि घरी काय नवीन?"

काल यावर त्याने तिच्या खोलीकडे पाहिलं. तिची खोली आवरलेली, खुर्ची रिकामी, घर कसं बंद पडल्यासारखं झालंय. मलाही करमत नाही, पण बोलून कुणाला दाखवणार?

"काहीच नाही," तो म्हणाला. "तू काम कर."

त्याने फोन ठेवला आणि, हात शिवशिवत असणार, उठून माशांचं पाणी पुन्हा बदलायला घेतलं. सकाळीच बदललं होतं. मी बादली धरायला गेले.