मांडीची मागची बाजू

फिजिओथेरपिस्ट मनाली मॅडमनी क्रांतीच्या मांडीवर वायरींनी पडद्याच्या यंत्राला जोडलेल्या चार चकत्या चिकटवल्या, दोन पुढं, दोन मागं. सात महिन्यांपूर्वी लिगामेंटचं ऑपरेशन झालं ते पोरीच्या गुडघ्याचं, आजची परीक्षा पोरीची, आणि धास्ती मला. रविवारी कुस्तीची निवड चाचणी होती. मॅडमनी आज सही केली तर क्रांती मॅटवर उतरणार, नाहीतर वर्ष वाया.

पण माझी घाबरगुंडी वेगळ्याच कारणानं उडाली होती. ते कारण आम्हा बापलेकीलाच ठाऊक होतं.

मॅडमनी सुरुवातीलाच व्यायामाचा कागद दिला होता. उताणं झोपून कंबर उचला, टाच मागं ओढा, भिंतीला टेकून अर्धंच बसा. मला हसू आलं. ह्याला काय व्यायाम म्हणायचं? मी तालमीत वाढलेला माणूस. माझाही गुडघा एकदा दुखावला होता, वस्तादांनी बैठका मारायला लावल्या आणि सहा महिन्यांत मी मैदानात होतो. वस्तादांना ‘का’ म्हणून विचारायची आमच्यात रीत नाही. तीच रीत मी घरात चालवली. रोज पहाटे गच्चीवर बैठका, आधी पन्नास, मग शंभर, गेले दोन महिने तीनशे. क्रांती मारायची, मी शेजारी उभा राहून मोजायचो. “मॅडमला सांगू नगंस,” असंही वर बजावलं होतं. अशी माझी अक्कल.

“एका पायावर सावकाश खाली बस,” मॅडम म्हणाल्या.

क्रांती बसली. पडद्यावर वरची रेघ उसळली, खालची जेमतेम हलली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मॅडमच्या कपाळावरची आठी कळत होती. त्यांनी परत बसायला लावलं. तिसऱ्या वेळी गुडघा थरथरून आत वळला.

“नागसेनकाका, वरची रेघ मांडीच्या पुढच्या स्नायूची, खालची मागच्या. सगळा भार पुढचाच ओढतोय, मागचा झोपलाय. पुष्कळ मुलींच्यात असं दिसतं. पुरुषांच्यापेक्षा ह्यांचा पुढचा स्नायू जास्त पुढंपुढं करतो. सगळ्याच जणींचं नसतं, पण हिचं पहिल्यापासून होतं. नवं लिगामेंट सांभाळायचं काम मागच्याचं, म्हणून मी मागच्याचे व्यायाम दिले. केलेस ना गं?”

“व्हय मॅडम. रोज.”

“दुसरं काही?”

क्रांतीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “न्हाय मॅडम.”

मॅडमनी कीबोर्ड पुढ्यात ओढला. “मग अवघड आहे. एवढं सगळं नीट करूनही मागचा जागा होत नसेल, तर मला डॉक्टरांना कळवावं लागेल. हा गुडघा कुस्तीचा भार घेईल असं मला वाटत नाही. रविवारचंच नाही, एकूणच.”

त्या टाईप करायला लागल्या. क्रांती खाली मान घालून चकत्या सोलत बसली. गप्प बसलो तर माझी अब्रू राहत होती आणि पोरीची कुस्ती जात होती. आणि तरी जीभ उचलेना, ह्याची मला आजही लाज वाटते.

“मॅडम, थांबा!” मी केवढ्यांदा तरी ओरडलो. “खोटं बोलतिया ती. माझ्यापायी. मीच बैठका मारून घेतल्यात तिच्याकडनं. रोज तीनशे. पार खाली बसवून.”

“तीनशे?” मॅडम उठल्याच. “मी ज्या पुढच्या स्नायूला आवरायला बघत होते, त्यालाच तुम्ही रोज खुराक घालत होता?”

त्यांनी क्रांतीला झोपवलं आणि दोन्ही हातांनी तिची नडगी पुढं ओढून बघितली. एकदा, दोनदा.

“लिगामेंट शाबूत वाटतंय. नशीब तुमचं. रविवार विसरा. बैठका आजपासून बंद, फक्त माझा कागद. तीन महिन्यांनी परत तपासू, तोवर मी डॉक्टरांना काही लिहीत नाही.”

बाहेर जिन्यात क्रांती पायरीवर बूट घालायला बसली.

“दुखत हुतं का गं?”

“पहिल्या आठवड्यापासनं.”

“मग बोलायचं की! माझ्या तोंडावर सांगायचं की, बास म्हणून!” मी तिच्यावरच डाफरलो.

“बैठका बंद केल्या असत्या, तर तुम्ही गच्चीवर आला असता व्हय?” ती म्हणाली. “ऑपरेशनच्या आधी माझी एक तरी कुस्ती बघितलीसा का, पप्पा?”

एकही नाही. पोरींच्या कुस्तीत बघायचंय काय, असं मीच चारचौघांत म्हणायचो. जिन्यात माणसं चढत-उतरत होती. मी खालच्या पायरीवर बसलो आणि तिच्या बुटाची नाडी बांधायला घेतली, पण मला नाडी दिसेना.