तोंड बघून दर

वाचकहो, "तुमच्यासाठी म्हणून कमी सांगतो" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या गोव्यात सापडायचा नाही. ऐकून आपण खूशही होतो! पण ज्याच्या वाट्याला ते येत नाही त्याचं काय होतं, हे पेडण्याच्या साईशला एका सोमवारी सकाळी कळलं.

साईशने छोट्या गेस्ट हाऊसवाल्यांसाठी मोबाईलवर चालणारी 'खोलीवही' तयार केली होती. पाहुणे कधी येणार, कुठली खोली रिकामी, सगळं तिच्यात. दरमहा वर्गणी घ्यायची. पण किती, ते साईश तोंड बघून ठरवी. ओळखीच्याला कमी, आरडाओरडा करणाऱ्याला त्याहून कमी, आणि मुकाट देणाऱ्याकडून पुरेपूर. ऑफिसातली अंकिता वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, "दादा, एकच दर ठरवूया."

"गो, धंद्यात माणूस बघूक लागता," म्हणून तो हसून उडवून लावायचा.

त्या सोमवारी मांद्र्याहून कमलाक्षीकाकी आल्या. नवरा गेल्यापासून घरामागच्या तीन खोल्या भाड्याने देऊन त्या संसार चालवत. महिना नऊशे रुपये त्यांनी एकदाही चुकवले नव्हते.

"बाबा, माझी खोलीवही बंद कर," त्या ओशाळून म्हणाल्या. "औंदा पावणे कमी. नऊशे झेपणत नाय. पावण्यांची नावां तेवढी ह्या वहीत उतरून दी." त्यांनी पिशवीतून शाळकरी वही काढली.

साईश नावं उतरवू लागला. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. त्याचे हात गुंतलेले, म्हणून अंकिताने स्पीकर लावला. साईशचा मावसभाऊ विशाल बोलत होता. त्याचं वीस खोल्यांचं हॉटेल.

"साईश, वीस खोल्यांक महिन्याक तीनशे म्हणजे जास्त झाले रे! मी घरचो ना? अडीचशे कर!"

साईशचं पेन वहीवरच थांबलं.

"वीस खोल्यांक तीनशे?" काकींनी हळूच विचारलं. "आनी माझ्या तीन खोल्यांक नऊशे? कित्याक रे?"

"काकी, तुमी कधी कायच बोललात नाय..." तोंडातून निघून गेलं आणि साईशची मान खाली गेली.

"अरे, हंय घासाघीस करूक येता ता माका खंय ठाऊक!" काकींचे डोळे भरले, पण आवाज चढला. "म्हापशाच्या बाजारात मी वीस वर्सां मिरची विकली. थंय घासाघीस होता. पण शेजारणीचो दर गिरायकाक आयकाक येता. तू फोनात आकडो धाडलस, मी पैशे भरले. जो गप रवता, तेच्याच गळ्याक सुरी? तुका आपलो समजान मी गप रवलंय!"

साईशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विशालच्या वीस खोल्यांचा भार ही एकटी बाई आपल्या तीन खोल्यांवर वाहत होती! काकी वही उचलून निघून गेल्या.

त्याच दिवशी दर ठरला: खोलीमागे ऐंशी रुपये, सगळ्यांना एकच, ऑफिसच्या दारावर लिहिलेला आणि मोबाईलवरही. विशाल भडकला, "रक्ताचं नातं विसरलास!" म्हणत सोडून गेला. आणखी दोघे गेले. त्या महिन्यात अंकिताचा पगार उशिरा झाला. धंदा टिकेल की नाही, साईशला खरंच ठाऊक नव्हतं.

जादा घेतलेले पैसे घेऊन तो मांद्र्याला गेला. काकींनी ते मोजून घेतले.

"आता कितके?"

"दोनशे चाळीस, काकी. सगळ्यांक खोलीमागे ऐंशीच."

काकींनी कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली, "सुलोचना गो, तुझ्या दोन खोल्यांक साईशान कितके सांगले?"

"एकशेसाठ!"

मग कुठे त्यांनी खोलीवही परत चालू करायला आपला फोन साईशच्या हाती दिला.

साईशला हायसं वाटलं, आणि तितकंच लागलंही. हीच बाई पूर्वी काही न विचारता पैसे भरत होती! वाचकहो, गप्प राहणाऱ्याचा विश्वास हे आपल्या कमाईचं साधन नव्हे. दर काय घ्यायचा तो घ्या, पण शेजाऱ्याला विचारलं तरी तोच निघेल असा घ्या.