गरम पाण्याच्या पिशवीला पास

सकाळचे आठ वाजले होते आणि पुलाच्या फाटकासमोर दोनशे माणसं कपाळ पुढे करून उन्हात उभी होती. एकमेकांपासून सहा फूट लांब राहायचा हुकूम होता, त्यामुळे रांग पार बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती, आणि त्या सहा-सहा फुटांत प्रत्येकाने आपापलं अर्थशास्त्र मांडलं होतं. सरहद्द बंद केली ती फार उशिरा केली, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याच्या मते ती बंद करायलाच नको होती. बंद दुकानांना सरकार मदत देणार हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पण कोणत्या दुकानांना, याबद्दल माणशी एक वेगळी पक्की खबर होती. घरात चाळीस साबण साठवून आलेले एक काका साठेबाजांच्या नावाने बोटं मोडत होते.

गेल्या महिन्यापर्यंत या पुलाला कोणी विचारत नव्हतं. नदीच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, पण लोक पलीकडे कामाला जायचे आणि येताना दूध घेऊन यायचे. मग नवा आजार आला, पुलावर फाटक आलं, आणि फाटकावर तापाची बंदूक घेतलेली शिपाईबाई आली. ती बंदूक कपाळासमोर धरून आकडा मोठ्याने सांगायची. तिच्यामागे प्लॅस्टिकच्या पडद्याआड शिक्केवाला बसायचा. आकडा नव्याण्णवच्या आत असला की सात दिवसांचा पास, नाहीतर घरी. मास्कमुळे शिक्केवाल्याच्या चष्म्यावर सारखी वाफ धरायची, म्हणून त्याने माणसांकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. तो फक्त आकडा ऐकायचा.

आता दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या कपाळाचा आकडा किती येणार? धडधाकट माणसं परत जायला लागली. आणि अशा वेळी जे हमखास उगवतं तेच उगवलं. फाटकापासून वीस पावलांवर, चादर टाकलेल्या एका उंच आसनावर, शीतलबाबा प्रकट झाले.

बाबांचं निम्मं तोंड मास्कमागे आणि उरलेलं दाढीमागे होतं. हातात पांढऱ्या लेपाचं भांडं. रांगेतला माणूस समोर आला की बाबा त्याच्या कपाळावर लेप फासायचे, डोळे मिटायचे, आणि त्यांचं आसन आपोआप वीतभर वर जायचं. लोक हात जोडायचे. लेपवाला माणूस लगबगीने फाटकाशी जायचा आणि शिपाईबाई सांगायची, पंच्याण्णव. शिक्का पडायचा. दक्षिणा ऐच्छिक होती, पण किती ऐच्छिक ते पाटीवर लिहिलं होतं.

"ताप म्हणजे काय?" बाबा म्हणायचे. "ताप म्हणजे रागावलेला पाहुणा. तो कपाळात बसतो. माझा लेप लागला की तो आपली चप्पल शोधायला लागतो. अरे, तापलेल्या तव्याला लावा हा लेप, तवासुद्धा पांघरूण मागेल."

पथ्य एकच होतं. लेप लावल्यावर पाच मिनिटांत फाटक गाठायचं. उशीर झाला तर पाहुणा चप्पल काढून परत आत येतो.

त्या रांगेत फ्रिज दुरुस्त करणारा एक माणूस आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन उभा होता. त्याला सगळे फ्रिजवाला म्हणायचे आणि तिला अक्का. फ्रिजवाला स्वभावाने जरा तिरसट. चालू असलेल्या यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता, ते का चालतं हे कळल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. अक्का पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकाला होती. बारा म्हातारी माणसं तिच्या हातचं खायची, त्यातल्या दोघांना तर ती भरवायची. तिला दोन दिवसांपासून अंगदुखी होती, आणि आदल्या दिवशी काचेच्या थर्मामीटरने शंभराच्या वर आकडा दाखवला होता. भाऊ जाऊ नको म्हणत होता. पण सरकारची मदत कागदपत्रं असलेल्यांना, आणि अक्काकडे कामाचा एक चिठोरासुद्धा नव्हता. आज गेली नाही तर दुसरी कोणी ठेवतील, ही धास्ती तिने बोलून दाखवली नव्हती, पण ती गरम पाण्याची रबरी पिशवी कमरेमागे धरून पाठ शेकत-शेकत तीन चौक चालत आली होती, त्यावरून भावाला काय ते कळलं.

काल तिने याच बाबांचा लेप लावला होता. रांग मोठी होती, फाटक बंद झालं आणि पास राहिला. पण कपाळ गार झालं म्हणून ताप गेला, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

"ताप गेलाय माझा," ती म्हणाली. "अंग काय, कामाने दुखतं."

"मग ही पिशवी कशाला?"

"गार झाली की टाकून देणार आहे," असं काहीतरी ती पुटपुटली आणि बाबांसमोर कपाळ पुढे केलं.

लेप लागला. बाबांनी डोळे मिटले. आसन वर गेलं, आणि जाताना त्याने हळूच 'फुस्स' केलं. फ्रिजवाल्याचे कान टवकारले. निम्मी यंत्रं तो आवाजावरून ओळखायचा. त्याने चादरीच्या कडेकडे पाहिलं तर तिथे बाबांचा उजवा पाय एक खटका दाबत होता. मग वाऱ्यावर लेपाचा वास आला आणि त्याला हसूच फुटलं. दर रविवारी दाढी झाल्यावर गालावर चोपडतात त्या आफ्टरशेव्हचा वास होता तो. चुना कालवला म्हणून वास लपतो थोडाच.

बाबा म्हणजे कोपऱ्यावरच्या बंद सलूनचा न्हावी आणि चादरीखालचं आसन म्हणजे त्याची दाढीची खुर्ची, हे त्याला कळलं. पण हे ओरडून सांगितलं असतं तर रांगेने त्यालाच नदीत बुडवलं असतं. ज्यांना पास मिळाले त्यांच्या दृष्टीने लेप काम करत होता, आणि खरं सांगायचं तर करतही होता.

त्याने अक्काच्या हातातली पिशवी घेतली, बाबांसमोरच्या स्टुलावर ठेवली आणि आपल्या हत्यारांच्या पेटीतून एक बंदूक काढली. फ्रिज किती गार झाला ते बघायला तो ती रोज वापरायचा. फाटकावरच्या बंदुकीचीच बहीण होती ती. त्याने पिशवीवर धरली. एकशे दोन.

"बाबा, या बिचारीला ताप आहे," तो म्हणाला. "तव्याला उतरतो तर हिलाही उतरेल."

बाबा म्हणाले की लेप जिवंत माणसासाठी आहे. रांगेतल्या साबणवाल्या काकांना हे पटलं नाही. तवा कुठे जिवंत असतो, त्यांनी विचारलं. मागच्यांना काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण बाबा कोणालातरी लेप नाकारतायत एवढं पोचलं आणि कुरबूर सुरू झाली. खोटं बोललं की ते रेटून न्यावं लागतं. बाबांनी नाइलाजाने पिशवीला भरपूर लेप फासला. पाय सवयीने खटक्यावर गेला आणि पिशवीच्या सन्मानार्थ आसन वर आलं.

फ्रिजवाल्याने पिशवी ताटासारखी दोन्ही हातांत धरली आणि तो फाटकाशी गेला. शिपाईबाईने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आठवडाभर पंच्याण्णव, चौऱ्याण्णव असे आकडे वाचून तिच्याही मनात पाल चुकचुकली होती. साहेबांना तिने तसं सांगितलंही होतं, पण तोंडं बघू नको, आकडे वाच, असा साहेबांचा हुकूम होता. तिने हुकूम पाळला.

"पंच्याण्णव," ती मोठ्याने म्हणाली.

पडद्याआड शिक्का उचलला गेला. "नाव?"

"पिशवी."

"काम?"

"पाठ शेकणं."

"पलीकडे कोणाकडे जाणार?"

"ज्याची दुखेल त्याच्याकडे."

शिक्केवाल्याने सगळं नीट लिहून घेतलं आणि पास बाहेर सरकवला. सात दिवसांचा, गोल शिक्क्यासकट. फ्रिजवाल्याने तो पास पिशवीच्या बुचाला अडकवला आणि पिशवी डोक्यावर धरून रांगेला दाखवली. आधी पुढचे हसले, मग ते हसू सहा-सहा फूट करत बेकरीपर्यंत गेलं.

मग त्याने बूच उघडलं आणि फ्रिजच्या आतलं तापमान बघायची लांब सळई पाण्यात घातली. आकडा त्याने शिपाईबाईलाच वाचायला लावला. एकशे तीन. हसू थोडं कमी झालं.

"आतलं पाणी होतं तेवढंच गरम आहे," तो म्हणाला. "लेपात आफ्टरशेव्ह आहे. ते भराभर उडतं आणि उडताना वरवरची उष्णता घेऊन जातं. माझे सगळे फ्रिज याच गोष्टीवर चालतात, त्यात बाबा कोणी नाही. आणि ही बंदूक फक्त कातडी बघते, आत बघत नाही. उन्हात तापलेल्या कपाळाला ती ताप म्हणते आणि लेपाखालच्या तापाला बरा म्हणते."

म्हणूनच लेपाने एवढं नाव कमावलं होतं. ज्यांना ताप नव्हताच त्यांची उन्हाने तापलेली कपाळं गार झाली, आणि नसलेला ताप उतरवल्याचं श्रेय लेपाला मिळालं. पाच मिनिटांचं पथ्य पाहुण्यासाठी नव्हतं, आफ्टरशेव्ह सुकायच्या आत पोचण्यासाठी होतं.

बाबा आसनावरून उतरले. मास्क आणि खोटी दाढी काढल्यावर तो निव्वळ एक कानकोंडा झालेला न्हावी होता. सलून बंद करायचा हुकूम पहिल्या दिवशी आला, म्हणाला, आणि मदतीच्या यादीत न्हावी नाहीतच. पेटीभर आफ्टरशेव्ह पडलं होतं. फ्रिजवाल्याला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही त्याने बोलून दाखवले. पोट सगळ्यांनाच आहे, पण तुझ्या लेपाने तापाची माणसं पलीकडे गेली, एवढं तो म्हणाला. न्हाव्याने दक्षिणेची पाटी उलटी करून ठेवली.

या सगळ्यात अक्का तशीच उभी होती, कपाळावर लेप घेऊन. भावाने खिशातून काचेचा थर्मामीटर काढला आणि पुढे धरला. तिने तो काखेत घेतला. रांगेतले पुढचे वीस-पंचवीस लोक बघत होते. एकशे एक आणि वर चार रेघा.

अक्काने पदराने कपाळ पुसलं. मग सगळ्यांसमोर वृद्धाश्रमात फोन लावला आणि सांगितलं की मला ताप आहे, मी येत नाही. नोकरीचं तिने विचारलं नाही आणि पलीकडूनही कोणी काही सांगितलं नाही. तिने फोन ठेवला.

"दोन दिवस माझं अंग मला सांगत होतं," ती रांगेकडे बघून म्हणाली. "मी अंगाचं ऐकलं नाही, गार कपाळाचं ऐकलं. आज मी त्या दोघांना भरवणार होते. तुम्हाला लेप लावायचा तर लावा बाबांनो, पण आधी काखेत थर्मामीटर धरा. ताप नसेल तर सावलीत उभे राहा, कपाळ आपोआप गार होईल. ताप असेल तर घरी जा. चमत्कार होतोय असं वाटलं की एवढंच विचारा, हा कसा होतोय. विचारायला पास लागत नाही."

शिपाईबाईने साहेबांना न विचारता रांग बेकरीच्या सावलीकडे वळवली. लोक सरकले. पण सगळे सरकले नाहीत. नऊ जण, एकमेकांकडे न बघता, हळूच रांगेतून बाहेर पडले आणि कपाळ पुसत आपापल्या घराकडे चालू लागले.