चारशे सतरा नंबर कुणाचा?

मी पितळेचा बिल्ला आहे, आणि आज मी रागावून बोलतोय. गोडगोड आत्मकथा ऐकायची असेल तर शेजारच्या फुलदाणीला विचारा. दिवाणखान्यात बसून बसून ती फार सुसंस्कृत झाली आहे.

एका पत्र्यातून आम्हा पाचशे भावांना ठोकून काढलं. डोक्याला भोक, पोटावर आकडा. माझ्या पोटावर चारशे सतरा. दोरखंडाच्या कारखान्याच्या फाटकाशी एक लाकडी फळा होता, तिथे आम्ही खिळ्यांना लटकायचो. माणूस सकाळी आला की आपला बिल्ला गळ्यात घालायचा, जाताना परत अडकवायचा. भोंगा झाल्यावरही जो बिल्ला खिळ्यावर, त्याचा माणूस गैरहजर. साधा हिशोब.

एके दिवशी जहाजातून उतरलेली माणसं रांगेत उभी राहिली. कारकून तिथला, त्याला यांची भाषा येत नव्हती. एका तरुणानं आपलं नाव सांगितलं, त्याला माझा भाऊ चारशे सोळा मिळाला. मग कारकुनानं त्याच्या मागच्या बाईकडे पेन रोखलं. आता चारचौघांत बायकोचं नाव घेईल तो नवरा कसला! त्यानं नुसती मान वळवली. "अगं, पुढे ये."

कारकुनाला वाटलं, हेच नाव. त्यानं आपल्या लिपीत जमेल तसं लिहून टाकलं आणि मला तिच्या गळ्यात घातलं. त्या वहीत ती 'अगं' झाली. कुणी हसलंसुद्धा नाही.

तिचं काम धागे विंचरायचं. लोखंडी दातांच्या फणीतून तंतूंचे झुपके ओढायचे, दिवसभर, उभ्यानं. संध्याकाळी तिच्या भुवयांवर पिवळी धूळ असायची आणि बोटांवर बारीक चिरा. नवऱ्याचा हात आठव्या महिन्यात यंत्रात गेला. त्याचा बिल्ला परत घेतला, दुसऱ्याला दिला. त्यानंतर घर तिनं ओढलं. एकवीस वर्षं.

तो माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. खाटेवर बसून पोरांना गोष्टी सांगायचा. फक्त त्या गोष्टींत रोज कारखान्यात जाणारा तोच असायचा. ती स्वयंपाक करता करता ऐकायची आणि गालात हसायची. पोरांना बाप मोठा वाटू दे, म्हणायची. बाई गं, तेव्हाच का नाही बोललीस? तुझ्या त्या एका हसण्यानं तुझाच घात केला.

शेवटच्या दिवशी तिनं मला खिळ्याला अडकवलं नाही. पदरानं पुसलं आणि घरी आणलं. एकवीस वर्षांत तिनं कारखान्याची केलेली ही एकुलती एक चोरी.

ती गेली. मी फडताळात, मग खोक्यात, मग तिच्या नातवाच्या हौसेनं काचेआड मखमलीवर. खाली पट्टी, घरातल्या पुढच्या पिढीच्या नात्यानं: 'पणजोबांचा बिल्ला'. पाहुणे आले की मला दाखवायचे. "हा छातीवर लावून त्यांनी एकवीस वर्षं घाम गाळला हो!" पाहुणे हळहळायचे. माझं पित्त खवळायचं. पितळ हिरवं पडतं ते काय नुसतं हवेनं?

तो नातू म्हणजे या घरातले मोठे काका. निवृत्त हेडमास्तर. आता ते घराण्याचा इतिहास लिहायला बसले. कारखान्याच्या गावच्या जुन्या दफ्तरखान्यातून हजेरीवहीच्या नकला मागवल्या. टाईप करायला पुतण्याची बायको, लग्नाला चार महिने झालेली. "सूनबाईचे हात छान चालतात," काका सगळ्यांना सांगत. डोकंही चालतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

"काका," ती एकदा म्हणाली, "पणजोबा चारशे सोळा आहेत. बिल्ला चारशे सतराचा."

"कारकुनाची चूक. एखादा आकडा इकडेतिकडे व्हायचाच."

"आणि चारशे सतराला हा अगन कोण?"

"असेल कुणी तिकडचा. तू पुढे टाईप कर."

काचेआड मी नुसता जळत होतो. पोटावर आकडा आहे, तोंडात जीभ नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "अगं, दूध बघ!" आतल्या खोलीतून तिचा नवरा, "अगं, माझे मोजे कुठेयत?" तिची बोटं थांबली. तिनं कागदाकडे पाहिलं. ओठातल्या ओठात म्हणाली, "अगन… अगं?"

दूध उतू गेलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिनं जाऊ दिलं.

मग दोन आठवडे ती वहीची पानं आणि वंशावळ शेजारी ठेवून बसायची. रविवारी सगळे जमले. छापखानेवाला दुसऱ्या दिवशी माझा फोटो काढायला येणार होता, मुखपृष्ठासाठी.

"काका, पणजोबांची हजेरी आठव्या महिन्यात संपते. पुढे 'हात निकामी' असा शेरा आहे. अगनची हजेरी एकवीस वर्षं आहे. मध्ये चार वेळा खाडे, दहा-दहा दिवसांचे."

"आजारी पडला असेल."

"चारही खाड्यांत आपल्या घरी पाळणा हललाय. वंशावळीतल्या तारखा तुम्हीच दिल्यात. त्यातला दुसरा पाळणा तुमच्या वडिलांचा."

काका चष्मा पुसू लागले. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"बरं, बरं. तळटीप टाकू."

तळटीप! एकवीस वर्षं उभी राहिलेली बाई, तिला आता पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत बसवणार! काच फुटत नाही म्हणून, नाहीतर त्या दिवशी मी टीपॉयवर उडी घेतली असती.

"तळटीप नको," सून म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, हळू. "पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला हवं. तोवर मी टाईप करणार नाही."

"मग कोण करणार?"

"तुम्ही करा ना काका. सवयीनं येतं."

"अगं, अख्खं घर ज्यांच्या नावावर उभं आहे त्यांचं…"

"नावावर उभं असेल रे," कोपऱ्यातून आत्याबाई बोलल्या. काकांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे. "चाललं तिच्या पायांवर. बोटं पाहिली होतीस का तिची? मला वेणी घालायची तर केस अडकायचे तिच्या चिरांत."

काका चिडले. "ठीक! मग नाव सांग तिचं. काय छापू?"

आत्याबाई बोटांवर मोजू लागल्या. "आम्ही आजी म्हणायचो. बाबा आई म्हणायचे. आणि आजोबा… आजोबा अगं म्हणायचे."

माझा खरा राग इथे आहे. मी तिच्या गळ्यात होतो, तिचं काळीज मला ऐकू यायचं, आणि मलासुद्धा तिचं नाव माहीत नाही. कुणी हाकच मारली नाही, तर ऐकणार कुठून?

फोटो लांबला. काका पहिलं प्रकरण पुन्हा लिहितायत, कुरकुरत, पण लिहितायत. वर 'चारशे सतरा' एवढंच आहे आणि पुढे नावापुरती कोरी जागा. सुनेनं माझ्याखालची पट्टी नखानं खरवडून काढली. तिथे अजून काही लावलेलं नाही.

काल संध्याकाळी नवऱ्यानं आतून हाक दिली, "अगं!" ती पट्टीचा उरलेला डिंक पुसत होती. हलली नाही. "अगं, ऐकतेस ना?" नाही. शेवटी तो दारात आला, डोकं खाजवलं, आणि नवे बूट घातल्यासारखा अडखळत तिच्या नावानं हाक मारली.

"काय?" ती लगेच वळली.

या घरात आलेल्या सुनेचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. आधी तुम्ही तुमच्या पणजीचं सांगा.