अकरा सुया

"मी उसवणार नाही. दुसऱ्या कुणाकडं तरी ने," सुईमोजी म्हणाली आणि मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागली. दोरा मघाशीच ओवून झालाय, हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

"दुसरं कोण आहे गावात?" गिरणीवालीनं बगलेतलं गाठोडं ओट्यावर टाकलं. "आणि शिवली कुणी होती? तूच ना? वरची दोन ठिगळं कसरीनं खाल्लीत, बाकी कापड अजून जसंच्या तसं आहे. सून महिन्याभरात बाळंत होईल. एवढुशी गोधडी, तुला चार दिवसांचं काम."

"मी नवी शिवून देते. फुकट देते, मग तर झालं?"

"काम नको म्हणून भांडणारी शिवणारीण मी आजच बघतेय बाई."

गाठोड्याची गाठ सुटली आणि आतलं करड्या लोकरीचं कापड उन्हात आलं. सुईमोजीनं नजर फिरवली. सव्वीस वर्षांत तिनं गावातल्या प्रत्येक घरासाठी काही ना काही शिवलं होतं. जुने कोट, विरलेल्या शाली, फाटकी पांघरुणं, जे येईल ते ती गरम पाण्यातून काढायची, कापड आटून घट्ट झालं की ठिगळं कापायची आणि आत पिंजलेली लोकर भरून टाके घालायची. पण स्वप्नात यायची ती हीच एक गोधडी.

सुईमोजी हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गावानं ठेवलं होतं आणि गाव ते तोंडावरही म्हणायचं. रोज काम संपलं की ती सुया मोजायची. एकदा नाही, तीनदा. दारात पाहुणा ताटकळत असो नाहीतर चुलीवर दूध उतू जात असो, अकरा सुया टोचणीच्या इवल्या गादीत टोचून झाल्याशिवाय ती उठायची नाही. हिच्या घरात चोर शिरला तर सुया तेवढ्या सोडून सगळं नेईल आणि हिला पत्ताही लागणार नाही, असं तिचा मुलगाच चारचौघांत सांगायचा. हसून हसून लोकांची पुरेवाट व्हायची. पण पुडक्यात सुया बारा येतात, मग हिच्याकडं अकराच कशा, हे कुणी कधी विचारलं नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या बारा होत्या. त्या हिवाळ्यात कोरडा वारा सुटला होता, नांगरलेल्या रानाची माती उडून घराघरात बसत होती. आता मेंढ्या कातरणारा तिचा हा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा, मांडीवर. दूध इतकं, की पोरगा पिऊन तट्ट होऊन झोपला तरी तिची चोळी भिजलेली असायची, आणि शिवता शिवता कापडावर थेंब पडायचे. तेवढ्यात गिरणीवाल्यांचा निरोप आला की सून, म्हणजे आजची ही गिरणीवाली, आठ दिवस आधीच बाळंत झाली, मुलगी झाली, गोधडी आत्ताच्या आत्ता द्या. शेवटचा टाका घालून दोरा तोडला आणि निरोप आणणाऱ्या माणसानं ती हातातून नेलीच. दिवेलागणीला सुया मोजल्या तर अकरा.

तिनं चटई झाडली, राख चाळली, मुलाचे कपडे उलटे करून पाहिले. सुती कापडात सुई राहिली तर हाताला लागते. आटवलेल्या जाड लोकरीत ती एकदा आत गेली की वरून दाबा, चोळा, नुसती लोकरच लागते. सुई कुठं असणार हे तिला कळून चुकलं होतं. गिरणी ती काय, दोन गल्ल्या पलीकडं. पण जाऊन सांगायचं काय? कोवळ्या बाळाच्या अंथरुणात सुई ठेवून आले म्हणून? मग काम कोण देणार होतं तिला? उद्या जाऊ, काहीतरी निमित्त काढून गोधडी मागून आणू, असं तिनं ठरवलं.

तो उद्या काही उजाडला नाही. तिसऱ्या दिवशी ती दळण घेऊन गिरणीच्या रांगेत उभी होती, तेव्हा गिरणीवालीची सासू बायकांना सांगत होती, "सून म्हणते, पोर गोधडीत ठेवलं की रडतं." आतून ते रडणं ऐकू येतही होतं, बारीक आणि न थांबणारं. सुईमोजी तशीच पीठ घेऊन घरी आली. नवव्या दिवशी रडणं थांबलं, आणि का थांबलं ते दुपारपर्यंत गावभर झालं.

तेव्हापासून गिरणी चालू असली की तिला बरं वाटायचं. पट्टा उतरला, धडधड थांबली, की ते रडणं सुरू व्हायचं. भर उन्हात, अंगणात चार बायका बोलत बसलेल्या असतानासुद्धा. ती बोलता बोलता थांबायची आणि बायका म्हणायच्या, झालं, हिच्या सुया चुकल्या वाटतं.

"ऐक तरी," गिरणीवाली आता हळू आवाजात म्हणाली. "पेटीत आहे तोवर मला चैन पडत नाही, आणि टाकून द्यायला हात होत नाही. मुलाच्या वेळी मी ती बाहेरही काढली नाही. आता उसवून, धुऊन, नव्यानं शिवली की तिच्यातून सुटेन तरी. मी पण बसते उसवायला."

सुईमोजीनं हातातली सुई गादीत टोचली आणि ओट्यावर तिच्यासाठी जागा केली.

दोघी ओट्यावर समोरासमोर बसल्या. एकीच्या हातात ब्लेड, दुसरीच्या हातात कातर. वारा तसाच कोरडा होता. टाके तुटत होते तशी आतली लोकर फुगून वर येत होती, आणि तिला अजून मेंढीचा वास होता. सुईमोजी प्रत्येक ठिगळाखाली आधी बोट घालायची, मग श्वास सोडायची. मधला भाग झाला, जिथं बाळाची पाठ टेकली असेल. काही नाही. उशाकडची बाजू झाली. काही नाही. सुई पडून कधीच हरवली असेल, मग ती पडली कुठं, आणि पडायच्या आधी कुठं घुसली होती?

पायाकडच्या कोपऱ्यात काठाची पट्टी चार पदरी दुमडलेली होती. तिनं ती उलगडली. आत तांबूस रेघ होती, सुईएवढी लांब, आणि रेघेवर गंजून गेलेली सुई. वरच्या पदरावर तेवढीच रेघ, खालच्या पदरावर तेवढीच. सुई तसूभर सरकली असती तर डाग फरफटला असता. ती सव्वीस वर्षं जिथल्या तिथं होती.

"हे काय गं?" गिरणीवालीनं विचारलं.

"माझी सुई." मग सुईमोजी बोलत सुटली. बारा, अकरा, राख, चटई, रांग, सासूचे शब्द, सगळं. "पोर गोधडीत ठेवलं की रडतं म्हणाली तुझी सासू, आणि मला वाटलं, मीच मारली तुझी मुलगी."

गिरणीवालीनं त्या रेघेवरून अंगठा फिरवला. तेवढ्यात पट्टा उतरला आणि गिरणी थांबली. सुईमोजीनं सवयीनं कान टवकारले. आज फक्त वारा होता.

"गोधडीचं मी खोटं सांगितलं होतं," गिरणीवाली म्हणाली. "मला दूधच येत नव्हतं. सासू म्हणायची, आमच्या घरात आटलेली बाई कधी आली नाही. मग मी कुठल्या तोंडानं सांगू? पोरीला नुसतीच छातीशी धरायची, पाजलं म्हणायची, आणि रडली की गोधडी टोचतेय म्हणायची. भुकेनं गेली ती. मुलाच्या वेळी पहिल्या दिवसापासून वाटीनं दूध पाजलं. तेवढी अक्कल मला एक मूल गमावून आली."

"कुणाला तरी सांगायचंस गं."

"तुला सांगणार होते." तिनं वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुझ्या मांडीवर मूल होतं ना. सासूला न कळता तू माझ्या पोरीला पाजशील, असं मनाशी धरून बसले होते. गल्लीतल्या सगळ्या बायका बाळ बघून गेल्या. मला रोज वाटायचं, जिनं गोधडी शिवली ती एकदा तरी येईल. तूच आली नाहीस."

सुईमोजीचा हात आपोआप छातीशी गेला. सव्वीस वर्षं जो धोंडा उरावर होता तो सुईचा नव्हताच, हे तिला आत्ता कळत होतं. त्या नऊ दिवसांत तिचं दूध कापडावर सांडत होतं, आणि दोन गल्ल्यांवर एक पोर उपाशी होतं. सुई शोधायला ती गेली असती तरी ते पोर जगलं असतं. ती रडली, मोठ्यानं रडली, आणि गिरणीवालीनं तिला रडू दिलं.

गोधडी चार दिवसांत शिवून झाली. कसरीनं खाल्लेल्या ठिगळांच्या जागी सुईमोजीनं आपल्या शालीचं कापड लावलं. सुया अकरा भरल्या. तिनं त्या एकदाच मोजल्या. गंजकी सुई तिनं गादीत टोचली नाही आणि फेकलीही नाही, मुलाच्या जुन्या टोपीत गुंडाळून ठेवली.

महिन्याभरानं गिरणीवालीकडं नातू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी, कुणी बोलावलं नसताना, सुईमोजी दोन गल्ल्या ओलांडून गेली. वाटेत बायकांनी थट्टा केलीच, "सुई राहिली का काय गोधडीत?" ती पुढं चालत राहिली. गिरणी चालू होती, तरी दारातूनच रडणं ऐकू आलं. हे खरंखुरं होतं.

आत सून बाळाला हलवून हलवून थकली होती. "या मावशी," ती कसनुसं हसली. "तुम्हीच बघा आता. गोधडीत ठेवलं की रडतं."

सुईमोजी पुढं झाली आणि सुनेच्या अंथरुणाला टेकून खाली बसली. "गोधडीचं राहू दे," ती म्हणाली. "दूध येतंय का, ते सांग."

सुनेनं चटकन दाराकडं बघितलं. दारात सासू उभी होती, पिठानं माखलेल्या हातांनी.

"सांग, लाजू नकोस," गिरणीवाली म्हणाली. "मला पण आलं नव्हतं."