खांड्याचं लग्न आणि जगदेवरावांची उचकी

केबलवाल्यांनी नागरवाड्याच्या आभाळात जाळं विणलं, त्या वर्षीची गोष्ट. जगदेवरावांना उचकी लागायची. साधीसुधी नव्हे, एका उचकीला मांडवी दरवाज्यावरची कबुतरं उडायची. पण लागायची कधी? थोरल्या बहिणीनं, विजयमालाअक्कांनी, लग्नाचा विषय काढला की.

पंचेचाळिशीचा गडी, मिशा थेट पणजोबांच्या पलटणीतून आलेल्या, आणि कित्येक वर्षं दिनकररावांबरोबर एका घरात, एका चुलीवर. गल्ली म्हणायची, "भाडं वाचवतात!"

अक्कांनी शेवटी हुकूम सोडला. "जग्या, तू येऊच नकोस. आपल्यात नवरदेव मोहिमेवर असला की मुलीचं त्याच्या खांड्याशी, तलवारीशी, लग्न लावायचे. घरचा खांडा फेटा बांधून डभोईला धाडते. मुलीकडचे तयार आहेत."

"अक्का, मी कुठे मोहिमेवर? मी कचेरीत... उक्!"

घाबरून स्वारी सुभानपुऱ्यात निरुपमाबेनकडे गेली. ही बाई मनावर उपचार करायची, पण बाटल्या-गोळ्या नाहीत. माती, रंग, जुनी लुगडी आणि नाटक.

"बेन, उचकी घालवा. जमलं तर मलाही बदला."

"तुम्हाला कशाला बदलायचं? तुम्ही आहात तसे ठीक आहात. उचकीला काहीतरी सांगायचंय, तिला बोलू द्या."

तिनं एका खुर्चीला नऊवारी नेसवली. "या तुमच्या अक्का. बोला."

पहिल्यांदा जगदेवराव नुसते खुर्चीच्या पाया पडून आले. पुढच्या खेपेला खुर्चीनंच त्यांना दटावलं. हसू नका, त्यांना तसंच वाटलं; बेननं पुढे ती खुर्ची काढूनच टाकली आणि नुसत्या लुगड्याशी बोलायला लावलं. आणि एके दिवशी उचकीशिवाय सबंध वाक्य बाहेर पडलं.

वरातीची सकाळ. खांड्याला मुंडावळ्या बांधून झाल्या, बँडवाले गाल फुगवून उभे. जगदेवराव दारात आडवे आले.

"अक्का, खांडा खाली ठेव. मी बायको करणार नाही. दिनकर नुसता मित्र नाही, माझं माणूस आहे. आमचा संसार आहे."

उचकी नाही! बँडवाल्यांचा श्वास पिपाणीत अडकला. अक्का उंबऱ्यावरच बसल्या.

"आईला ठाऊक होतं?"

"तिनं कधी विचारलं नाही."

"मी तरी कुठे विचारलं?" अक्कांनी पदरानं नाक पुसलं. "मुलीकडच्यांची माफी मी मागते. चूक माझी. आणि बोलाव त्या दिनकरला."

दिनकरराव घामाघूम होऊन आले.

"मी तुझी थोरली नणंद. कळलं?"

"हो, अक्का."

"इतकी वर्षं नणंदेला ना साडी, ना नमस्कार! वळण म्हणून काही आहे की नाही? वाक आधी!"

दिनकरराव वाकले. गुजराती बँडवाल्यानं भीत भीत अक्कांना विचारलं, "बेन, वगाडू?"

"मग काय, आणलंय कशाला तुम्हाला?" अक्का कडाडल्या. "वाजवा!"