बन्सी गुळव्याची उजवी चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे, उजव्या पायाची. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टाच घासलेली, अंगठा तुटलेली चप्पल आली असेल. मित्रांनो, मी तशी नाही. माझा तळ अजून जवळजवळ कोरा आहे आणि त्याचीच मला लाज वाटते.

श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात, मागच्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे परवेझ नावाचा कारागीर शुगरच्या पेशंटांसाठी चपला करायचा. त्याने बन्सीचे पाय कागदावर आखले, मऊ रबर कापलं, आत एकही खिळा येऊ दिला नाही. मग मला आणि माझ्या डाव्या बहिणीला बन्सीपुढे ठेवून म्हणाला, "बन्सीभाऊ, ह्या दोघी तुमच्या पायाच्या राखणदार हायेत. घरातबी काढू नका." आम्ही दोघी फुशारून गेलो. कोणाच्या पदरात पडलोय, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

बन्सी हा गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवून गूळ करणारा. त्याच्या हातचा गूळ पंचक्रोशीत नावाजलेला. स्वतःला शुगर, तरी काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला गूळ बोटाने चाटून बघायचाच, वर तोंडात बिडी. मला आणलं त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटायला लावून नायलॉनचा धागा तळव्याला टोचला होता.

"कळलं?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई बा."

बाईंचा चेहरा उतरला. "पायाची जाणीव गेलीय तुमच्या. बिडीने रक्तही खालपर्यंत नीट पोचत नाही. साधा फोड दुर्लक्षिलात तरी पाय जाईल. बिडी सोडा, गूळ चाटू नका आणि रोज तळवे बघा."

हा गडी हसला! "बाई, चुलवाणापाशी उभं ऱ्हाऊन पाय पक्का झालाय माझा. मला चटका लागत न्हाई, ह्येच तर माझं कसब हाय!"

ऐकलंत? पाय मरत चालला होता आणि हे महाशय मिशीला पीळ देत होते. अशा माणसाला मी राखणार तरी कशी?

आमच्या गुऱ्हाळाचा एक रिवाज होता. चुलवाणाची, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीची पूजा झाली की काहिलीपाशी वहाण घालून कोणी जायचं नाही. बाकीच्या गड्यांना चटका बसला की ते टुणकन बाजूला उडी मारत. बन्सी तापल्या फरशीवर खांबासारखा उभा! आणि ते दीडशहाणे त्याला दाद देत, "वा रं पठ्ठ्या, पाय हाय का लोखंड!" आम्ही दाराबाहेर राखेत पडलेल्या. त्या कौतुकाची मला किळस यायची.

घरात शहाणी एकच, त्याची बायको आक्काबाई. एका सकाळी चादर झटकताना तिला डाग दिसला.

"अवो, ह्यो डाग कशाचा? पाय दावा बरं."

उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मागे फोड फुटून खड्डा पडला होता. तिने तोंडावर पदर धरला. "आगं बया! आजच्या आज दवाखान्यात चला."

"जरासुदिक दुखत न्हाई. न दुखणाऱ्या पायाला कशाला दवाखाना? हंगाम उठू दे, मग बघू."

असं म्हणून त्याने खड्ड्यात काय भरलं असेल? गरम गूळ आणि चुना! मुरगळलेल्या पायाचा लेप उघड्या जखमेवर! गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. याला चव होती, अक्कल तेवढी नव्हती.

मग पायाला वास सुटला. गुऱ्हाळाच्या गोड दरवळात तो कोणालाच कळला नाही, पण संध्याकाळी तो पाय माझ्यात यायचा, मला कळायचा. अंगठा काळा पडला. आक्काबाई रोज विनवायची आणि हा रोज दुखणं अंगावर काढायचा. शेवटी थंडी वाजून काहिलीपाशीच कोसळला, तेव्हा टेम्पोत घालून नेला. बैल गेला नि झोपा केला!

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी आला असतात तर फार तर बोट गेलं असतं. आता विष वर चढलंय. गुडघ्याखाली पाय काढल्याशिवाय जीव वाचणार नाही."

तरी तो म्हणतो कसा, "पर दुखत न्हाई वो, बाई!"

आता बन्सी कुबड्या घेऊन गुऱ्हाळावर जातो. माझी डावी बहीण थेट काहिलीपर्यंत जाते, गड्यांनी तिच्यापुरता रिवाज मोडला. एक पाय जावा लागला, तेव्हा यांना शहाणपण सुचलं! संध्याकाळी ती गुळाने माखून परत येते. तिचा तळ झिजलाय, माझा अजून नव्यासारखाच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर आज त्याचे तळवे बघा. दुखतंय का, एवढंच विचारून थांबू नका. आमच्यासारखी चप्पल दिली असेल तर ती पायात घालायला लावा.

परवा सकाळी बन्सी डावी चप्पल घालायला वाकला आणि त्याने मलाच उचललं. माझ्यावरची धूळ पुसली. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. आक्काबाई धावत आली.

"काय हुतंय वो?"

जिथे आता काहीच नाही, तिथे हात फिरवत तो कण्हला, "उजवा पाय लई ठणकतोय गं."